धूम्रपान सोडवणाऱ्या गटोपचाराची वाटचाल

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी दाखवून दिला. त्यानंतरच्या दशकात धूम्रपान सोडवणारे पहिले दवाखाने निघाले. स्टॉकहोममध्ये बर्ये एयरुप यांनी चालवलेल्या अशा दवाखान्यात भर लोबेलिन या निकोटीनसारखा परिणाम करणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्याच्या इंजेक्शनांवर होता.

अनेकांना एकत्र बसवून सिगारेट सोडवण्याची पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकेतील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने. या पंथात तंबाखू आधीपासूनच निषिद्ध होती. १९६० च्या सुमारास डॉक्टर वेन मॅकफार्लंड आणि पाद्री एल्मन फोकनबर्ग यांनी 'पाच दिवसांची योजना' आखली. लागोपाठ पाच संध्याकाळी सभा भरे. डॉक्टर शरीरावरचे परिणाम समजावत, पाद्री मनोनिग्रहावर बोलत. सुरुवातीपासूनच सिगारेट पूर्ण बंद करायची असे. भरपूर पाणी आणि फळांचे रस प्यावेत, पायी फिरावे, कॉफी, मद्य व मसालेदार पदार्थ टाळावेत, असा पथ्याचा भाग होता. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिला जाई. तलफ आली की त्याच्याशी बोलायचे. योजना पुढे अनेक देशांत पोहोचली.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा १९६२ चा आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४ चा अहवाल आल्यावर अशा वर्गांची मागणी वाढली. १९६९ मध्ये जॅकलिन रॉजर्स यांनी 'स्मोकएंडर्स' हे सशुल्क वर्ग सुरू केले. तिथे पहिले काही आठवडे सिगारेट ओढण्यास मुभा असे. सवय ओळखून ती सैल करत नेणे आणि मग ठरल्या दिवशी थांबणे, असा क्रम होता.

वर्ग संपताना अनेक जण सिगारेटमुक्त असत, पण तो परिणाम टिकत नसे. १९७१ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात तंबाखू, दारू आणि हेरॉइन सोडणाऱ्यांचे व्यसनाकडे परतणे जवळपास सारख्याच गतीने होते, आणि बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच परततात, असे दिसले. त्यामुळे धूम्रपानाकडे निव्वळ वाईट सवय म्हणून पाहणे मागे पडत गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेच्या बारा पायऱ्यांवर आधारलेला, डॉक्टरांविना चालणारा स्वमदत गट उभा राहिला. तोच आजचा 'निकोटीन ॲनॉनिमस'.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात मायकेल रसेल यांनी निकोटीनचे व्यसन हाच धूम्रपानाचा गाभा मानून निकोटीनयुक्त च्युइंगमचा अभ्यास केला. तिथेच पीटर हायेक यांनी गटाची रचना बदलली: तज्ज्ञाने कमी बोलायचे, सदस्यांनी एकमेकांना धीर द्यायचा. ब्रिटिश सरकारने धूम्रपानावरील १९९८ च्या श्वेतपत्रिकेनंतर सुरू केलेल्या सेवांमध्ये सर्वांनी एकाच दिवशी सिगारेट सोडणे, दर आठवड्याला भेटणे आणि श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणे या गोष्टी गटांत रुळल्या.

भारतात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००२ मध्ये तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही एक होते. विडी-सिगारेटबरोबरच चघळायच्या तंबाखूचाही प्रश्न या केंद्रांपुढे होता.

वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या गटोपचारावरील २०१७ च्या आढाव्यात ६६ चाचण्यांचा विचार झाला. केवळ पुस्तिका वाचून प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा गटातील लोकांची यशाची शक्यता जवळपास दुप्पट आढळली. वैयक्तिक समुपदेशनापेक्षा मात्र गट अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले नाही.