वेत्रवतीच्या कड्यावरचे देवगढ



देवगढ म्हटले की आपल्याला आधी हापूस आठवतो. तो देवगड कोकणातला. मी सांगते आहे ते देवगढ उत्तर प्रदेशात, ललितपूरपासून सुमारे ३३ किलोमीटरवर, बेतवा नदीच्या काठी. बुंदेलखंडच्या यात्रेत आपल्या बसगाड्या तिथे थांबतात, किल्ल्यावरच्या ३१ जिनमंदिरांचे दर्शन होते आणि गाडी सुटते. खाली वाहणारी नदी बहुतेक जणी पाहतच नाहीत. माझ्या मते तिथेच अर्धे देवगढ पाहायचे राहून जाते.

बेतवा म्हणजे जुनी वेत्रवती, कालिदासाच्या मेघदूतातली. रायसेन जिल्ह्यात उगम पावून विदिशा, ओरछा करत ती हमीरपूरजवळ यमुनेला मिळते. देवगढला ती विंध्याच्या वालुकाश्माला वळसा घालते आणि काठावर सरळ कडे उभे राहतात. मंदिरे याच दगडाची, मूर्तीही याच दगडाच्या. कड्यात नाहरघाटी आणि राजघाटी अशा पायऱ्या पाण्यापर्यंत कोरल्या आहेत. राजघाटीच्या खडकावर इ.स. १०९७ चा लेख आहे. चंदेल राजा कीर्तिवर्मा याचा मंत्री वत्सराज याने तो कोरवला, आणि त्यात किल्ल्याचे नाव कीर्तिगिरी असे येते.

त्याहून जुना लेख वर, शांतिनाथ भगवंतांच्या मंदिरासमोरच्या खांबावर आहे. विक्रम संवत ९१९, शक ७८४, म्हणजे इ.स. ८६२. राज्य प्रतिहार भोजाचे, गावाचे नाव लुअच्छगिरी. आचार्य कमलदेवांचे शिष्य देव यांनी हा खांब करवला. याच मंदिराच्या, म्हणजे १२ नंबरच्या मंदिराच्या, बाहेरच्या भिंतीवर चोवीस यक्षी आहेत, नावांसकट! चोवीसही एकत्र कोरलेल्या इतक्या जुन्या यक्षी दुसरीकडे सापडत नाहीत. आपण घरी पद्मावती मातेची ओटी भरतो, पण त्या भिंतीवरची कित्येक नावे आजच्या यादीशी जुळत नाहीत. परंपरा तेव्हा घडत होती, हे तिथे डोळ्यांना दिसते. त्या भिंतीपुढे घाई करू नका.

या वैभवावर पुढे वाईट दिवस आले. मूर्तिचोरांनी कित्येक मूर्तींची शिरे कापून नेली. समाजाने नंतर बरेच सावरले, संग्रहालयही झाले. जंगलालाही संरक्षण मिळाले: १९७७ साली किल्ल्याच्या परिसरात अभयारण्य जाहीर झाले आणि त्याला नाव दिले महावीर स्वामींचे. क्षेत्र अवघे ५.४१ चौरस किलोमीटर. एवढेसेच, पण भगवंतांच्या नावाचे.

या कड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गिधाड म्हटले की आपण नाक मुरडतो. पण ते मारत नाही, मेलेलेच खाते आणि रान स्वच्छ ठेवते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरे मेली आणि ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. देशभरात ती झपाट्याने संपत गेली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गुराचे दुखणे कमी करायला दिलेले औषध, आणि त्याने एवढे जीव गेले. करुणासुद्धा जाणून करावी लागते, ती अशी.

आणि आता आपले. घरी पाणी गाळून जिवाणी जिथल्या तिथे, त्याच पाण्यात हलकेच सोडायची, हे सासूबाईंनी शिकवलेले आपण काटेकोर पाळतो. पाण्याचा एकेक थेंब आपल्यासाठी अप्कायिक जीव. तीच आपण यात्रेला गेलो की रिकाम्या बाटल्या, फराळाच्या पिशव्या, निर्माल्य कड्यावरून खाली जाते, आणि भोंगा गिधाडांच्या घरट्यांपर्यंत ऐकू जातो. कोणी टोकले तर "धर्माचे काम आहे" हे उत्तर तयार असते. मला ते पटत नाही.

पुढच्या यात्रेचे ठरवताना मंडळाला एवढेच सांगा, देवगढला दोन तास जास्त ठेवा. पाण्याचे तांबे घरून न्या, कचऱ्याची पिशवी बसमध्येच परत आणा. दर्शन झाल्यावर ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी राजघाटीला जावे. लेख वाचता येणार नाही, पण नदी दिसेल.