लखनौची वेलांटी

देवनागरीचे सुधारलेले रूप ठरवण्यासाठी २८ आणि २९ नोव्हेंबर १९५३ रोजी लखनौला एक परिषद भरली. बोलावणारे उत्तर प्रदेश सरकार, मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत. अध्यक्षस्थानी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन, समोर निरनिराळ्या राज्यांचे मुख्यमंत्री, मंत्री आणि भाषेचे जाणकार. एवढ्या वजनदार मंडळींनी केलेला एक ठराव चार वर्षांत, त्याच शहरात, मागे घ्यावा लागला. तो ठराव ऱ्हस्व वेलांटीचा होता. ‘कि’ म्हणताना आधी ‘क्’ उच्चारला जातो आणि मग ‘इ’, पण लिहिताना वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते. ती उजवीकडे न्यावी आणि दीर्घ ‘की’शी घोटाळा होऊ नये म्हणून तिचा दंड आखूड ठेवावा, असे ठरले. मुंबई राज्याने ही ‘लखनौ लिपी’ शाळेच्या पुस्तकांतही उतरवली. पोराच्या पुस्तकातली वेलांटी एका बाजूला आणि घरातल्या वर्तमानपत्रातली दुसऱ्या बाजूला, असा प्रकार मराठी घरांत सुरू झाला. १९५७ साली लखनौलाच पुन्हा बैठक झाली आणि वेलांटी मूळ जागी आली. ही हकिकत एरवी लोकांच्या हट्टीपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. माझ्या मते त्या प्रसंगी सुधारकांपेक्षा वाचकांचाच हिशेब पक्का होता.

सुधारणेची निकड खोटी नव्हती. छापखान्यात रोमन मजकूर शंभर-सव्वाशे खिळ्यांत जुळतो. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरली की देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, खिळ्यांची संख्या काही शेकड्यांवर जाते. केस जितकी मोठी तितका जुळाऱ्याचा हात लांब फिरणार, शिसे जास्त लागणार, पुस्तक महाग होणार. टिळकांसारख्या माणसाने राजकारणाच्या धबडग्यातून वेळ काढून खिळे कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातले, ते उगाच नव्हे. टाइपरायटर आला तेव्हा अडचण आणखी घट्ट झाली, कारण त्याच्या साऱ्या किल्ल्या मिळून, खालची-वरची चिन्हे धरून, नव्वदच्या आसपास अक्षरे बसतात. यंत्र लिपीला पुरत नाही तेव्हा वाट दोनपैकी एक असते. लिपी छाटायची, किंवा यंत्राकडून जास्त काम करून घ्यायचे. दुसऱ्या वाटेचे उत्तम उदाहरण लखनौमध्येच होते. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली तिथे छापखाना काढला आणि उर्दू-फारसीसाठी शिळाप्रेस वापरला. कातिबाने लिहायचे आणि दगडाने ते जसेच्या तसे उठवायचे. नस्तालिकच्या उतरत्या, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांना त्यामुळे खिळ्यांच्या चौकटीत कोंबावे लागले नाही, आणि तो छापखाना पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या छापखान्यांपैकी एक झाला.

देवनागरीवाल्यांनी पहिली वाट धरली. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपीशुद्धीची मोहीम चालवली. १९३५ च्या इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनानंतर, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते, काका कालेलकरांच्या समितीने तोच सूर लावला. दोघांचाही भर ‘अ’च्या बाराखडीवर होता. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र अक्षरे काढून टाकायची आणि अि, अी, अु, अू, अे, अै लिहायचे. दिसायला ते कसेही असो, त्यात रोकडा फायदा होता, कारण सहा अक्षरांची जागा मोकळी होत होती. पुढे उत्तर प्रदेश सरकारने १९४७ साली नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ही बाराखडी नाकारली आणि लखनौ परिषदेनेही ती स्वीकारली नाही.

आता वेलांटीचा जमाखर्च पाहा. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे असली तरी तिला एक किल्ली लागते आणि उजवीकडे नेली तरी एकच. खिळ्यांच्या केसमध्येही एक घर रिकामे होत नाही. टाइपरायटरवर ती व्यंजनाच्या आधी दाबायची एवढेच, आणि हाताने लिहिणारा पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आला होता. म्हणजे खरी बचत करणारी सुधारणा टाकून दिली आणि यंत्राचा काहीच भार न हलवणारी पदरात घेतली. मिळाले ते तात्त्विक समाधान, की लेखनाचा क्रम उच्चाराच्या क्रमाशी जुळला. त्याची किंमत मात्र वाचकाने मोजायची होती. पूर्वी ऱ्हस्व आणि दीर्घ यांत बाजूचा फरक होता, तो अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनाही दिसतो. आता दंडाच्या लांबीचा उरला. छापील पानावर तो निभावून जाईल, पण घाईच्या हस्ताक्षरात, बारीक टाइपात किंवा पुसट शाईत आखूड दंड आणि पुरा दंड यांत निवडायचे कसे? ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांनी आधीच घाबरलेल्या मराठी विद्यार्थ्यावर तर हा शुद्ध अन्याय होता.

यावर पहिला आक्षेप सवयीचा. लोकांना बदल नकोच असतो, कोणताही बदल आला की आधी ओरड होते, असे म्हणता येईल. पण त्याच काळातले दुसरे बदल लोकांनी निमूट स्वीकारले. जुना ‘ख’ हा ‘रव’सारखा दिसे, त्यामुळे ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत गफलत होई. खालून जोडलेला ‘ख’ ठरला आणि तो टिकला. ‘घ’ आणि ‘म’ यांच्यापासून ओळखू यावेत म्हणून ‘ध’ आणि ‘भ’ यांची डोकी वळवली गेली, त्यावर कोणी मोर्चा काढला नाही. अ, झ, ण यांची मुंबईकडची वळणे पसंत झाली आणि हिंदीच्या छापील पानावरून तिची जुनी वळणे हळूहळू गेली. (लिपीच्या वादात मराठीच्या पारड्यात पडलेले हे दान आपण क्वचितच आठवतो.) मराठी माणसाने तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सबंध मोडी सोडून दिली, कारण बाळबोध त्याला आधीपासून वाचता येत होती. ‘ख’च्या बदलाने वाचकाला दोन अक्षरे वेगळी करून दिली, वेलांटीच्या बदलाने वेगळी असलेली दोन चिन्हे जवळ आणली. नवे नको असणारा माणूस एवढी निवड करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. १९५१ च्या जनगणनेत साक्षर जेमतेम १८ टक्के होते. ज्यांना अजून अक्षरओळखच व्हायची आहे त्यांना जुनी वेलांटी काय आणि नवी काय. सरकारने आणखी दहा वर्षे कळ काढायला हवी होती. तुर्कस्तानने १९२८ साली लिपीच बदलली आणि ते साधले, असा दाखला याला जोडता येतो. पण तिथे १ जानेवारी १९२९ पासून जुन्या लिपीत पुस्तके छापण्यालाच कायद्याने बंदी झाली. आपल्याकडे सरकारच्या हातात शाळेचे पुस्तक आणि सरकारी छापखाना, एवढेच होते. पोथी, पंचांग, दुकानाची पाटी, मामाचे पत्र आणि रोजचे वर्तमानपत्र सरकारच्या हाताबाहेर होते, आणि नवसाक्षर शाळेतून बाहेर पडला की याच गोष्टी वाचणार होता. शिवाय लिपीच्या बाबतीत लखनौला सक्तीचा सराव नव्हता. १८ एप्रिल १९०० च्या हुकमाने त्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर मॅकडॉनेल यांनी कचेऱ्यांत नागरीला वाव दिला तेव्हाही उर्दू काढून टाकली नव्हती, तरी त्याच वर्षी उर्दूच्या बाजूने निषेधाची मोठी सभा लखनौमध्येच झाली होती. आणि सत्ता हातात असली तरी कधी वापरणाऱ्यांपुढे माघार घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढले आणि पुढच्याच वर्षी, विंडोज ८.१ मध्ये, परत आणले. त्या कंपनीच्या हातात तर सारी प्रणालीच होती, तरी तिला वर्षभरात नमते घ्यावे लागले.

वेलांटीचा प्रश्न मग सुटला कसा? नवलकिशोरांच्या वाटेने, म्हणजे यंत्राकडून जास्त काम करून घेऊन. १९८० च्या दशकात सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला, पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय लिपींसाठी जिस्ट तंत्र वाढले, १९९१ साली इस्की हे प्रमाण आले आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच घडणीवर केली. या साऱ्यांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या नंतर साठवला जातो, म्हणजे १९५३ च्या लखनौला हवा होता त्याच क्रमाने. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली तेव्हापासून नंतर आलेला इकार पडद्यावर डावीकडे नेऊन बसवण्याचे काम प्रणाली आणि फॉन्ट करतात. ‘स्थि’सारखे जोडाक्षर असले तर अख्खे अक्षर ओलांडून वेलांटी पुढे आणली जाते, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तक्रार उरली ती टंकलेखकांची. रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेला माणूस वेलांटी आधी दाबतो. हिंदी पट्ट्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत कृतिदेव फॉन्टवर आजही तसेच टंकन चालते. त्यांच्यासाठी युनिकोडमध्येही रेमिंग्टन पद्धतीचे कळफलक करून द्यावे लागले, ज्यांत आधी दाबलेली वेलांटी प्रणाली धरून ठेवते आणि व्यंजन आल्यावर त्याच्यामागे साठवते.