काशीतले गोरेशास्त्री

मुन्शी घाट नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला. मराठी माणसांच्या पुण्याईचे असे दगडी पुरावे काशीत पुष्कळ आहेत. त्या पायऱ्यांवर बसलो की मला मात्र नीळकंठशास्त्री गोरे आठवतात. त्यांच्या नावाने कोण घाट बांधणार?

चित्पावन घर, काशीतले अध्ययन. जॉन म्यूरच्या ‘मतपरीक्षे’ला या तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. मिशनऱ्यांना निरुत्तर करायला निघालेला हा वादपटू वाद घालता घालता स्वतःच डळमळला आणि १४ मार्च १८४८ रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला. तोही काशीत नव्हे, जौनपुरात. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मला ते पटत नाही. मनात ख्रिस्त आणि कपाळी गंध ठेवून शास्त्रीपण मिरवणे कितीतरी सोपे होते, आणि मानही टिकला असता.

पुढे ते पाद्री झाले. धर्मोपदेशकाला न शोभणाऱ्या शंका त्यांना जन्मभर छळत राहिल्या. राहणी अगदी साधी. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरात त्यांच्या लेखनाचा वाटा होता.

पण या सचोटीचा हिशेब घरातही मांडावा लागतो. १८५३ साली काशीतच त्यांना मुलगी झाली. आई लवकरच गेली. वडील १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले आणि मूल परक्यांच्या घरी वाढले. आईचे नाव तेवढे तिच्या नावात राहिले : एलन लक्ष्मी.