मुक्त संचाराचा हक्क, ब्रिटनमधील
डोंगर, माळराने, मूर (हेदरसारख्या खुरट्या झुडपांनी व्यापलेले उंच, ओसाड प्रदेश), सामाईक गायराने यांसारख्या लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, ती खाजगी मालकीची असली तरी, पायी हिंडण्याचा व मोकळ्या हवेत मनोरंजन करण्याचा कायद्याने मिळालेला हक्क. जमिनीची मालकी न बदलता केवळ प्रवेशाचा प्रश्न सोडविण्याचे प्रयत्न ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून झाले. शासकीय धोरणानुसार त्याच डोंगरावरचे तेच चालणे कधी अपकृत्य, कधी सवलत, तर कधी हक्क ठरत गेले.

पार्श्वभूमी : सामाईक जमिनींना कुंपण घालून त्या खाजगी मालकीत आणणारे ५,२०० हून अधिक कायदे संसदेने १६०४ ते १९१४ या काळात संमत केले. त्यांखाली सु. ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडचा सु. एक पंचमांश भूभाग आला. गुरे चारणे, सरपण गोळा करणे अशा अनेक जुन्या वहिवाटी त्यामुळे संपुष्टात आल्या. पुढे स्कॉटलंडमधील डोंगराळ प्रदेशात हरणांच्या, तर उत्तर इंग्लंडमधील मूर प्रदेशात ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी विस्तीर्ण क्षेत्रे राखून ठेवण्यात आली. मँचेस्टर, शेफील्ड यांसारख्या औद्योगिक शहरांतील कामगारांना सुटीच्या दिवशी मोकळी हवा मिळण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण मात्र हेच मूर होते.

लंडनजवळची गायराने वाचविण्यासाठी १८६६ चा महानगरीय सामाईक जमिनींचा अधिनियम व १८७८ चा एपिंग अरण्य अधिनियम संमत झाले. डोंगरांच्या बाबतीत यश आले नाही. उदारमतवादी संसदसदस्य जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये स्कॉटलंडमधील पर्वतप्रवेशाचे विधेयक मांडले. ते व त्यानंतरची तशी अनेक विधेयके संमत होऊ शकली नाहीत.

किंडर स्काउटचा सामुदायिक प्रवेश : २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन यांच्या पुढाकाराने काहीशे तरुण डर्बीशर परगण्यातील किंडर स्काउट या पठारावर बंदी मोडून चढले. रखवालदारांशी त्यांची झटापट झाली. अनधिकृत प्रवेश हे मुख्यतः दिवाणी अपकृत्य असल्याने खटला बेकायदा जमाव, दंगल व मारहाण या आरोपांखाली चालविण्यात आला आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या कैदेच्या शिक्षा झाल्या. पदभ्रमण करणाऱ्यांच्या प्रस्थापित संघांना हा मार्ग मान्य नव्हता. तथापि शिक्षांच्या कठोरपणामुळे प्रश्नाला व्यापक प्रसिद्धी मिळाली. १९३९ च्या पर्वतप्रवेश अधिनियमाने मात्र काही परिस्थितींत अनधिकृत प्रवेशच फौजदारी गुन्हा ठरविला. हा अधिनियम १९४९ मध्ये रद्द झाला.

१९४९ चा अधिनियम : जॉन डॉवर यांचा अहवाल (१९४५) व हॉबहाउस समितीच्या शिफारशी (१९४७) यांच्या आधारे मजूर पक्षाच्या शासनाने राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा अधिनियम केला. पीक डिस्ट्रिक्ट हे त्याखालील पहिले राष्ट्रीय उद्यान (१९५१). अमेरिकेतील यलोस्टोनप्रमाणे ही उद्याने शासनाच्या मालकीची नाहीत. त्यांतील बहुतेक जमीन खाजगीच राहिली [→ राष्ट्रीय उद्याने]. पायवाटांवरील वहिवाटीच्या हक्कांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचे काम परगणा परिषदांकडे आले. पायवाट सोडून मोकळ्या जमिनीवर फिरणे मात्र मालकाशी होणाऱ्या करारावर किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या आदेशावर अवलंबून राहिले. पीक डिस्ट्रिक्टमध्ये असे करार झाले. अन्यत्र ते विरळच होते. सु. ४३० किमी. लांबीचा पेनाइन मार्ग १९६५ मध्ये खुला झाला.

हक्काची मान्यता : इंग्लंड व वेल्ससाठीच्या २००० च्या अधिनियमाने नकाशात दाखविलेल्या पर्वत, मूर, हीथ व डाउन या प्रकारच्या जमिनींवर आणि नोंदणीकृत सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये तो २००४-०५ मध्ये टप्प्याटप्प्याने सु. ८,६५,००० हेक्टर क्षेत्रावर लागू झाला. सायकल, घोडेस्वारी व मुक्काम यांचा त्यात समावेश नाही. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ जुलै, कुत्रा आखूड दोरीने बांधूनच न्यावा लागतो. २००१ मध्ये जनावरांतील लाळ-खुरकत रोगाच्या साथीत पायवाटा सरसकट बंद केल्या गेल्या, तेव्हा ग्रामीण पर्यटनव्यवसायास मोठा फटका बसला. प्रवेशाचे आर्थिक महत्त्व त्यातून प्रकर्षाने दिसून आले.

स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमिसुधार अधिनियमाने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे नकाशाऐवजी वर्तन ही कसोटी आहे. जबाबदारीने वागणाऱ्यास बहुतेक सर्व जमिनींवर व जलाशयांवर चालणे, सायकल, घोडेस्वारी, नौकानयन व तंबूतील मुक्काम यांचा हक्क आहे. घरालगतचा परिसर व उभी पिके वगळली आहेत. मात्र लॉक लोमंड व ट्रॉसॅक्स उद्यानात गर्दी व नासधूस यांमुळे २०१७ पासून काही किनाऱ्यांवर मार्च ते सप्टेंबर या काळात मुक्कामासाठी परवाना आवश्यक झाला.

इंग्लंडमधील डार्टमूरच्या सामाईक जमिनींवर १९८५ च्या स्थानिक अधिनियमाने मोकळ्या हवेतील मनोरंजनाचा हक्क दिला होता. त्यात तंबूतील मुक्काम येत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. अपील न्यायालयाने तो त्याच वर्षी फिरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुक्कामाचा हक्क कायम केला. इंग्लंडमधील बहुसंख्य वने व नद्या २००० च्या अधिनियमाच्या कक्षेबाहेरच राहिल्या आहेत.