धूर कुठे जातो?

गेल्या डिसेंबरात आजीला व्हिडिओ कॉलवर आमच्या घरातली आग दाखवली. काचेमागे ओंडके जळत होते. म्हणजे ओंडके सिरॅमिकचे होते आणि त्यांच्या फटींतून गॅसच्या पिवळ्या ज्योती वर येत होत्या. बाहेर उणे नऊ, आत उबदार. मला वाटलं आजी म्हणेल, छान दिसतंय. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "आन् गं, धूर कुठं जातोय त्याचा?"

आजीचं अर्धं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या एका घरात चुलीपुढे गेलं. त्या स्वयंपाकघराला धुराडं नव्हतं. धूर कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर जायचा आणि उरलेला भिंतीवर, पातेल्यांच्या बुडांवर आणि आजीच्या छातीत बसायचा. त्यामुळे आग म्हटल्यावर तिला पहिला प्रश्न धुराचा पडला. मी मात्र ही आग विकत घेताना काचेचा आकार, रिमोट, थर्मोस्टॅट, ओंडक्यांचं डिझाइन असं सगळं बघून झाल्यावर, सगळ्यात शेवटी त्या प्रश्नाकडे आले होते. खरं तर तो एकच प्रश्न धरून बसले असते तर निवड एका दुपारीत झाली असती.

आमचं घर बॉस्टनच्या उत्तरेला आहे. १९२० च्या दशकात बांधलेलं, लाकडी, आणि दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस. पहिल्या हिवाळ्यात आम्ही हौसेने लाकडं आणली. समोर बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. त्याहून विचित्र म्हणजे, आग पेटवली की मागची बेडरूम नेहमीपेक्षा जास्त थंड व्हायची. कारण साधं आहे. मोकळ्या आगीला हवा लागते, ती हवा ती खोलीतून ओढते आणि धुराबरोबर वर पाठवते. म्हणजे रेडिएटरने पैसे खर्चून गरम केलेली हवा धुराड्यातून बाहेर, आणि तिची जागा भरायला खिडक्यांच्या फटींतून बर्फाळ हवा आत. लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के खोलीत राहते. एवढी गळती असलेला कोड मी ऑफिसात कोणाला मर्ज करू दिला नसता.

यावरचा उपाय म्हणजे गॅस इन्सर्ट. जुनी फायरप्लेस पाडायची नाही. तिच्या पोकळीत बसेल अशी एक लोखंडी पेटी आत सरकवायची, जुन्या धुराड्यातून नळ्या वर न्यायच्या आणि पेटीत लाकडाऐवजी गॅस जाळायचा. जुनी सिस्टिम तशीच ठेवून तिच्या आत नवी बसवायची, हे मला ओळखीचं होतं. ही कल्पना अलीकडची असेल असं मात्र मी उगाच गृहीत धरलं होतं. ती जवळजवळ २८० वर्षं जुनी निघाली.

बेंजामिन फ्रँकलिनची पेटी

बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात 'पेन्सिल्व्हेनियन फायरप्लेस' तयार केली. आज 'फ्रँकलिन स्टोव्ह' म्हटलं की खोलीच्या मधोमध उभी शेगडी डोळ्यांपुढे येते, पण मूळ वस्तू म्हणजे लोखंडी पत्र्यांची एक पेटी होती आणि ती घरातल्या जुन्या फायरप्लेसच्या पोकळीत बसवायची होती. म्हणजे इन्सर्टच. १७४४ मध्ये त्याने तिच्यावर एक पुस्तिका छापली. पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने पेटंट देऊ केलं तर त्याने नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, तर आपलाही शोध मोकळा असावा, ही त्याची भूमिका. ओपन सोर्सवाल्यांनी त्याचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

पण रचनेत एक दोष होता. उष्णता जास्तीत जास्त काढून घ्यावी म्हणून फ्रँकलिनने धुराला आधी खाली, मग मागून वर असा वळसा घालायला लावला. धूर गरम असेपर्यंतच वर ओढला जातो. आग मंद झाली की तो वळसा पार होईना आणि धूर खोलीत परतायचा. पुढे डेव्हिड रिटनहाउसने सरळ बाहेर जाणारी नळी लावून यात सुधारणा केली. उष्णता वाचवण्याच्या नादात धुराची वाट अडवली, ही चूक जगातल्या सगळ्यात हुशार माणसांपैकी एकाने केली होती. हे वाचून मला थोडा धीर आला.

वोबर्नचा काउंट

दुसरा माणूस तर आमच्या शेजारचा. घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर वोबर्न नावाचं गाव आहे. तिथे १७५३ मध्ये बेंजामिन थॉम्पसन जन्मला. अमेरिकन क्रांतीत तो इंग्रजांच्या बाजूने गेला, देश सोडावा लागला, पुढे बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या नोकरीत चढत चढत 'काउंट रमफर्ड' झाला. तोफांच्या नळ्या कोरताना निघणारी उष्णता मोजून उष्णता म्हणजे एखादा द्रव नसून ती हालचाल आहे, असं त्याने १७९८ मध्ये मांडलं. त्याच्या दोन वर्षं आधी त्याने फायरप्लेसवर निबंध लिहिला होता.

रमफर्डने कुठलीही पेटी बसवली नाही. त्याने फक्त भूमिती बदलली. फायरप्लेस उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे उष्णता खोलीकडे परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद केला. धूर जायला एवढी वाट पुरेशी असते, आणि खोलीतली गरम हवा फुकट जाणं कमी होतं. लंडनमध्ये शेकडो फायरप्लेसना नवं रूप मिळालं. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'मध्येही रमफर्डचा उल्लेख आहे. जुनाट, भीतिदायक फायरप्लेसची आशा धरून आलेल्या नायिकेचा ती आधुनिक फायरप्लेस पाहून विरस होतो.

धुराड्यातली मुलं

अरुंद धुराडी साफ कोण करणार? लहान मुलं. इंग्लंडमध्ये गरीब घरांतली, अनाथाश्रमांतली मुलं कोपर-गुडघ्यांच्या जोरावर आत चढायची आणि काजळी खरवडायची. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाला होणाऱ्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. विशिष्ट कामामुळे होणारा कॅन्सर ओळखला गेल्याची ही पहिली नोंद मानतात. आठ वर्षांखालच्या मुलांना या कामावर ठेवू नये असा कायदा १७८८ मध्ये झाला, आणि तो फारसा कोणी पाळला नाही. १८७५ मध्ये आणखी एक मुलगा धुराड्यात गुदमरून मेला, तेव्हा कुठे ही प्रथा थांबवणारा परिणामकारक कायदा आला.

दिवाणखान्यातला धूर गेला होता. तो फक्त दिवाणखान्यात बसणाऱ्यांपासून गेला होता.

मग तो रस्त्यावर उतरला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवरच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं आणि लाखो घरांच्या धुराड्यांतून, कारखान्यांतून, वीजकेंद्रांतून निघालेला कोळशाचा धूर खालीच कोंडला. सरकारी हिशेबाने सुमारे चार हजार माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये 'क्लीन एअर ॲक्ट' आला, धूरमुक्त विभाग ठरले, आणि पुढच्या वर्षांत असंख्य घरांत कोळशाच्या जागी, त्याच जुन्या पोकळीच्या तोंडाशी, गॅसची शेगडी येऊन बसली.

न दिसणारा धूर

गॅसची आग तेव्हा नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकातच कोळसा बंद भट्टीत तापवून गॅस काढत. १८८० च्या दशकात ज्योतीवर तांबडं तेज यावं म्हणून शेगडीत ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरायला सुरुवात झाली. आज आमच्या इन्सर्टमध्ये त्या जागी सिरॅमिक आहे. कोळशाच्या त्या गॅसमध्ये मुळातच कार्बन मोनॉक्साइड असायचा, त्यामुळे नुसती गळतीही विषारी. न्यू इंग्लंडमध्ये नैसर्गिक वायूच्या पाइपलाइन १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोचल्या. नैसर्गिक वायूत मोनॉक्साइड नसतो, पण ज्योतीला हवा कमी पडली की तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

आता माझी निवड. गॅसच्या आगीचे ढोबळ तीन प्रकार. पहिला 'व्हेंट-फ्री': धुराडं नकोच, सगळी उष्णता खोलीत, सगळ्यात स्वस्त. दुसरा 'बी-व्हेंट': हवा खोलीतली, धूर वर. तिसरा 'डायरेक्ट व्हेंट': काच पूर्ण सीलबंद, एका नळीने बाहेरची हवा आत, दुसऱ्या नळीने धूर बाहेर. खोलीच्या हवेशी आगीचा संबंधच नाही.

एका दुकानदाराने मला पहिला प्रकार फार प्रेमाने समजावला. कार्यक्षमता जवळजवळ शंभर टक्के, ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद करणारा सेन्सर. मला मोह झाला. आजीच्या गॅसच्या शेगडीला तरी कुठे धुराडं आहे? पण तिच्या स्वयंपाकघराची खिडकी बाराही महिने उघडी असते. आमचं घर नोव्हेंबर ते मार्च बंद. मग मी गणित केलं. एक किलो मिथेन जळलं की सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ताशी ३०,००० बीटीयूची आग म्हणजे दर तासाला सव्वा लिटरहून जास्त पाणी, बंद खोलीत, थंड भिंतींवर. आणि त्याबरोबर ज्वलनातलं बाकी सगळं आपल्या श्वासात. कॅलिफोर्नियात राहत्या घरांत अशा शेगड्यांना परवानगीच नाही. शंभर टक्के कार्यक्षमतेचा अर्थ इतकाच होता, की धूर कुठेच जात नाही.

आम्ही डायरेक्ट व्हेंट घेतला. कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास. उरलेले तीस टक्के म्हणजे धुराला बाहेर नेण्याची मजुरी.

बसवताना

आधी फायरप्लेसची पुढची रुंदी, मागची रुंदी, उंची आणि खोली मोजली. मागची रुंदी मोजायची राहिली तर पेटी अर्ध्यात अडकते. मग धुराडं साफ करणारा आला. आता तो ब्रश आणि कॅमेरा घेऊन येतो. जुन्या लाकडी आगींचा डांबरासारखा थर, ज्याला क्रिओसोट म्हणतात, खरवडून काढला. तो राहिला तर कधीही पेट घेऊ शकतो. मग छतावरून दोन लवचिक नळ्या खाली सोडल्या. बसवणाऱ्याने त्यातल्या धुराच्या नळीला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळली. मी कारण विचारलं. वरच्या टोपीत दोन्ही नळ्यांची अदलाबदल झाली, तर आग स्वतःचाच धूर परत आत ओढते. टेपचे दोन तुकडे, आणि एक अख्खा बग टळला.

गॅसची लाइन मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारक प्लंबर किंवा गॅस फिटरनेच जोडायची, गावाकडून परमिट घ्यायचं आणि तपासनीस पाहून गेल्यावरच चालू करायचं. हा सोपस्कार मला आधी कटकटीचा वाटला. पण आमच्यापासून जवळच, लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या गावांत १३ सप्टेंबर २०१८ ला काय झालं ते इथे कोणी विसरलेलं नाही. जुनी बिडाची पाइप बदलताना दाब मोजणाऱ्या नळ्या बंद केलेल्या पाइपवरच राहिल्या. तिथला दाब उतरला, यंत्रणेला वाटलं गॅस कमी पडतोय, आणि तिने चालू पाइपमध्ये आणखी गॅस सोडला. घराघरांत आगी लागल्या, स्फोट झाले, एक अठरा वर्षांचा मुलगा गेला. चुकीच्या ठिकाणचं रीडिंग आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी सिस्टिम. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण असा कोड मी लिहिलेला आहे. फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला गॅस नव्हता.

दर महिन्याच्या एक तारखेला मी पॅसेजमधल्या मोनॉक्साइड अलार्मचं बटण दाबून बघते. या राज्यात तो घराच्या प्रत्येक मजल्यावर सक्तीचा आहे. जानेवारी २००५ मध्ये बर्फाने धूर बाहेर जायची वाट बुजली आणि सात वर्षांची एक मुलगी मेली, त्यानंतरचा हा कायदा. म्हणून मोठा बर्फ पडला की नवरा अंगणात उभा राहून छतावरची टोपी मोकळी आहे ना, ते बघतो.

आजीला उत्तर

त्या दिवशी मी आजीला म्हटलं, "वर जातो. दोन नळ्या आहेत." ती म्हणाली, "आन् वर गेल्यावर?"

हसून विषय बदलला. रात्री मात्र हिशेब केला. पूर्ण आचेवर आमची आग तासाला दीड किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. संध्याकाळचे तीन तास म्हणजे जवळपास पाच किलो. इथल्या ब्रुकलाइन गावाने २०१९ मध्ये नव्या बांधकामांत गॅसच्या लाइनला बंदी घालायचा ठराव केला होता, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलने तो कायद्यात बसत नाही म्हणून फेटाळला. तो वाद संपलेला नाही, आणि कधीतरी आमची पेटीही त्या पोकळीतून बाहेर काढावी लागेल, असं मला वाटतं.

पुढच्या कॉलला आजीला खरं ते सांगितलं. रोज संध्याकाळी पाच किलो धूर, डोळ्यांना न दिसणारा, वर जातो आणि वरच राहतो. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तीन तास कशाला? जेवणं झाली की बंद करत जा."

आता आम्ही जेवणं झाली की बंद करतो.