शिकाऊ हातांचा इतिहास

मराठीत 'विणणे' हे क्रियापद आपण फार सढळपणे वापरतो. खाट विणतात, टोपली विणतात, कापड विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावरचं कापड आणि दोन सुयांवरची लोकर यांत मोठा फरक आहे. कापडात उभे धागे वेगळे, आडवे वेगळे. एखादा तुटला तरी बाकीचे त्याला धरून असतात. सुयांवरच्या विणकामात मात्र धागा एकच. एका फासातून दुसरा फास काढायचा, त्यातून तिसरा. एक टाका सुईवरून निसटला की त्याच्या खालचा मोकळा होतो, मग त्याच्या खालचा. नवशिक्याची सगळी रडकथा एवढ्यातच आहे.

पन्नाशी उलटल्यावर मी शेजारच्या काकूंकडे हे शिकायला बसलो, तेव्हा ही रडकथा जवळून कळली. धागा घट्ट धरावा तर सुई आत शिरत नाही, सैल सोडावा तर टाका पळतो. चाळीस टाके घालून सुरुवात करावी, तर चार बोटं विणून होईपर्यंत त्यांचे त्रेचाळीस झालेले असतात. काकू रागावत नाहीत. शांतपणे सगळं उसवतात, लोकर गुंड्याला गुंडाळतात आणि म्हणतात, "हं भाऊ, घाला परत टाके."

हे उसवणं पाहताना एक विचार मनात आला. कच्च्या हाताच्या कुंभाराचं वाकडं मडकं निदान खापरीच्या रूपानं तरी उरतं. शिकाऊ विणकऱ्याचं काम उसवलं की मागे काहीच उरत नाही. तोच धागा पुढच्या कामाला लागतो. म्हणून या कलेचा इतिहास आपल्याला भेटतो तो बहुतेक सराईत हातांचाच.

जुन्यात जुने नमुने इजिप्तचे. तिथं सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे साधारण ११व्या ते १४व्या शतकांतले मानले जातात. पुढचा मोठा पुरावा स्पेनचा. बुर्गोस शहराजवळच्या लास उएल्गास मठात फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राची कबर आहे. तो १२७५ साली वारला. त्या कबरीत रेशमी धाग्यानं विणलेले उशीचे अभ्रे सापडले. विणकाम इतकं बारीक, की एका इंचात वीसच्या आसपास टाके. हे काम मुसलमान कारागिरांच्या हातचं असावं, असं अभ्यासक मानतात. एका अभ्र्यावर कुफी लिपीत 'बरका' हा अरबी शब्द विणलेला आहे. बरका म्हणजे आपली बरकत. आमच्या घरात रोज उच्चारला जाणारा आणि मराठीनंही आपलासा केलेला हा शब्द एका ख्रिस्ती राजपुत्राच्या उशीवर भेटावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण तो विणणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. मग त्याला पहिला टाका कुणी शिकवला, हे कुठून कळणार?

पुढे युरोपात विणकऱ्यांचे संघ निघाले. त्यांत प्रामुख्यानं पुरुषच असत. वर्षानुवर्षं उमेदवारी करायची आणि शेवटी परीक्षेसाठी काम विणून दाखवायचं, अशी रीत होती. स्ट्रासबुर्गकडच्या उमेदवारांनी अशा परीक्षेसाठी विणलेले फुलापानांचे मोठे गालिचे आजही संग्रहालयांत आहेत. तेही अर्थात उत्तीर्ण झालेल्यांचेच.

शिकणाऱ्याचा आवाज मला सापडला तो इंग्लंडमध्ये. उत्तरेकडच्या डेंट गावात अठराव्या शतकात घरोघरी मोजे विणले जात. बायका, पुरुष, पोरं, सगळेच विणत. त्यांना 'टेरिबल निटर्स' म्हणत. आपण 'भयंकर हुशार' म्हणतो, त्या अर्थानं 'भयंकर'. लँगडेलच्या एका गरीब घरातल्या बेट्टी आणि सॅली या दोन बहिणींना विणकाम शिकायला या गावी धाडलं गेलं. बेट्टी सात-आठ वर्षांची आणि सॅली तिच्याहून लहान. पोरांना एकमेकांशी चढाओढ लावून, हात चालेल तितक्या वेगानं विणायला लावत. घराच्या आठवणीनं दोघी झुरत होत्या. शेवटी त्या पळाल्या. वाटेत लोकांकडे खायला आणि आसरा मागत, थंडीवाऱ्यात डोंगराळ मुलूख पायी तुडवत आईच्या दारात पोचल्या.

बेट्टीनं म्हातारपणी ही हकीकत तिच्या बोलीत सांगितली आणि ती कुणीतरी उतरवून घेतली. इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साऊदी यांच्या 'द डॉक्टर' या ग्रंथाच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १८४७ साली निघालेल्या खंडात ती छापली आहे. साऊदींच्या कविता आज फारशा कुणी वाचत नाही. पण मोज्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला बेट्टीकडे यावंच लागतं. कवी म्हणून मला यात थोडी गंमत वाटते आणि थोडा धडाही दिसतो.

आज विणकाम हा विरंगुळा मानला जातो. मन शांत होतं, असंही सांगतात. होतही असेल. पण ही शांतता ज्याला हौसेनं शिकता येतं त्याची आहे. माझा टाका सुटला तर मी सुया टेबलावर ठेवून चहा मांडायला उठतो. बेट्टीला सुया खाली ठेवण्यासाठी सगळा मुलूख चालून जावं लागलं. संग्रहालयाच्या काचेआडचा सुबक मोजा पाहताना आता मला आधी त्या दोघी आठवतात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)