खेड (जि. रत्नागिरी)

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील, जगबुडी नदीकाठचे जुने पेठेचे गाव व तालुक्याचे ठिकाण. पुणे जिल्ह्यातील खेड (राजगुरुनगर) वेगळे. सह्याद्रीतून येणारी जगबुडी खेडवरून जाऊन वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्र गाठते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर दाभोळकडून होड्या खेडपर्यंत येत. पुढे माल बैलांच्या पाठीवर आंबिवली, हातलोट या घाटांनी देशावर चढे. खाडीच्या वाहतुकीचा शेवट आणि घाटाचा पायथा इथे जवळ आले, म्हणून पेठ वसली. परिसरातली लेणी आणि गड या वाटेच्या नात्यानेच नीट उमगतात.

बौद्ध लेणी थेट शहरातच आहेत. विहाराची ओसरी, खोल्या आणि आत कोरलेला स्तूप आजही पाहता येतो. बंदराहून घाटाकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना आणि भिक्षूंना इथे निवारा मिळत असावा. लेणी लहान आहेत, पण गावाचे सर्वांत जुने वैभव तेच. गडांकडे धावणाऱ्या पाहुण्यांनी ती चुकवू नयेत.

पूर्वेला जगबुडीच्या खोऱ्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग, आणि अलीकडच्या डोंगरधारेवर दक्षिणोत्तर रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे तीन किल्ले. रसाळगड चढायला सर्वांत सोपा. वर झोलाई देवीचे मंदिर, धान्यकोठार, पाण्याची टाकी आणि जागोजागी पडलेल्या तोफा आहेत. एवढ्या तोफा एकत्र दिसणे हल्ली दुर्मीळ. सुमारगडाची शेवटची चढण अवघड. वाटाड्याशिवाय जाऊ नये. महिपतगड तिघांत सर्वांत विस्तीर्ण, दाट झाडीचा. गडावर पारेश्वराचे मंदिर आहे आणि गडाच्या दक्षिणेच्या दरवाजाचे नावच खेड दरवाजा.

खोपीवरून जाणारा रघुवीर घाट सातारा जिल्ह्यातील शिंदीकडे, कांदाटी खोऱ्यात उतरतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळे या खोऱ्याचा साताऱ्याशी संपर्क अवघड झाला. तिथल्या लोकांना बाजार आणि दवाखान्यासाठी खेड जवळचे. पर्यटक मात्र धबधबे आणि धुक्यासाठी येतात. चकदेवला जाणारी शिडीची वाट आणि वासोट्याजवळच्या नागेश्वराची चोरवण्याहून जाणारी चढणही याच तालुक्यातून.

जगबुडीत मगरींची वस्ती आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, तेव्हा पात्रात उतरू नये. पावसाळ्यात हीच नदी बाजारपेठेत शिरते. 2005 व 2021 च्या पुरांनी मोठे नुकसान केले.

मुंबई–गोवा महामार्गालगत भरणे येथे काळकाई देवीचे मंदिर आहे. शिमग्यात ग्रामदेवतांच्या पालख्या घरोघर फिरतात. मुंबईचा चाकरमानी गणपतीइतक्याच ओढीने तेव्हाही गावी येतो.

खेड कोकण रेल्वेवरील स्थानक असून मुंबई–गोवा महामार्गावरून भरणे नाक्याहून शहरात जाता येते. गडांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरडी कोसळतात, त्यामुळे तो खुला आहे का हे खेडमध्येच विचारून निघावे.